पाडव्याचं पहिलं नाव

नादार व्हायलाही पैसे लागतात. आमच्या ऑफिसची पायरी चढणाऱ्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगणं हे माझं पहिलं काम असे. वकिलाची फी, टायपिंग, स्टॅम्प, घेणेकऱ्यांना पाठवायच्या नोटिसांचा खर्च असं सगळं मी बोटांवर मोजून दाखवायचो. समोरचा माणूस शांतपणे ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "एवढं असतं तर तुमच्याकडं आलो असतो व्हय?" मी आपला चहा सांगायचो.

मी नगरला एका वकीलसाहेबांचा कारकून होतो. साहेब आता नाहीत, त्यामुळे नाव घेत नाही. ते दिवाणी कामं करत आणि त्यातही नादारीची कामं त्यांच्याकडे पुष्कळ येत. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. ज्याचं देणं त्याच्या ऐपतीबाहेर गेलं आहे, तो कोर्टाकडे अर्ज करून म्हणू शकतो की बाबांनो, माझ्याकडे आहे ते हे एवढं, आणि देणं आहे ते हे एवढं, आता तुम्हीच निवाडा करा. कोर्टाने अर्ज घेतला की वॉरंटं थांबतात. मग दोन वाटा. एक म्हणजे कोर्टाने नेमलेला रिसीव्हर सगळी चीजवस्तू विकून पैसे वाटतो. दुसरी वाट तडजोडीची. देणेकरी म्हणतो, रुपयाला सहा आणे घ्या, हप्त्याने देतो, पण माझा धंदा मोडू नका. घेणेकऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोक, आणि एकूण रकमेच्या बारा आणे, म्हणजे पाऊण हिश्शाचे धनी, हो म्हणाले तर कोर्ट त्यावर शिक्का मारतं. मारायलाच पाहिजे असं मात्र नाही. माणूस सरळ वागला आहे की नाही, हे कोर्ट आधी पाहतं.

गिऱ्हाईकं एकेक नमुनेदार. आमच्याच जिल्ह्यातल्या अकोल्याकडचा एक भाताचा शेतकरी दोन एस.ट्या बदलून आला होता. त्या काळी अर्ज करायला देणं पाचशे रुपयांच्या वर असावं लागे. त्याचं भरलं चारशे चाळीस. मी तसं सांगितल्यावर तो विचारात पडला आणि म्हणाला, "मग वरचे साठ तुमीच द्या की उसने." साहेब आतल्या खोलीत हसून हसून खोकायला लागले. दुसरा एक जण बोटात जाडजूड सोन्याची अंगठी घालून अर्जावर सही करायला बसला. मी म्हणालो, ही मालमत्तेच्या यादीत लिहावी लागेल. तो म्हणाला, ती निघत नाही, सबब ती मालमत्ता नव्हे, शरीराचा भाग आहे. मी मोरीतला साबण आणला. अंगठी निघाली आणि यादीत चढली. गिऱ्हाईक पुढे वर्षभर माझ्याशी बोललं नाही.

अशा गोष्टी मी चारचौघांत पुष्कळदा सांगितल्या आहेत आणि लोक हसले आहेत. रंगनाथची गोष्ट मात्र कधी सांगितली नाही. दिवाळी अंकासाठी "तुमच्या कामातलं काहीतरी लिहा" असं सांगणं आलं तेव्हा अंगठीवाल्यावर भागवून न्यावं असंच मनात होतं. पण पाडव्याच्या आसपास हे वाचलं जाणार, आणि पाडव्याचीच ती गोष्ट, म्हणून लिहितो.

रंगनाथ मिरजगावचा. मंडप, भांडी आणि लाऊडस्पीकर भाड्याने देण्याचा त्याचा धंदा होता. वासे, कनाती, झालरी, पाचशे माणसांचा स्वयंपाक होईल एवढी पातेली आणि पराती, आणि दोन भोंगे. माणूस उंच, सावळा, आवाज एकदम मऊ. पंचक्रोशीत लग्न ठरलं की मुलीचा बाप आधी भटजीकडे जायचा आणि तिथून रंगनाथकडे. त्याच्या हाताला यश आहे अशी लोकांची समजूत होती. त्याने रोवलेल्या मंडपातलं लग्न मोडत नाही म्हणत. मला यात काही तथ्य वाटत नाही, पण मिरजगावच्या पेठेला वाटायचं, आणि पुढचं सगळं त्यावरूनच घडलं.

सत्तरच्या दशकातली ती सुरुवातीची वर्षं. पाऊस लागोपाठ हुकला. लग्नं व्हायची, नाही असं नाही, पण मारुतीच्या पारावर, दहा माणसांत, गुळपाणी देऊन. अर्धी गावं खडी फोडायच्या कामावर गेलेली. मंडप कोण मागवणार? रंगनाथने त्याच्या आदल्याच साली नगरच्या एका रेडिओवाल्याकडून नवा अॅम्प्लिफायर आणि दोन भोंगे उधारीवर उचलले होते. हप्ते थकले, रेडिओवाला कोर्टात गेला आणि पावसाळ्यात त्याला हुकूमनामा मिळाला. आता तो अटकेचं वॉरंट काढणार हे दिसत होतं. दिवाणी कैद म्हणजे चोरीची कैद नव्हे, पण गावाला काय फरक कळतो. रंगनाथ दसऱ्याच्या आधी आमच्याकडे आला.

साहेबांनी कागद पाहिले आणि त्यांना तडजोडीची वाट मोकळी दिसली. देणं नऊ ठिकाणी होतं. त्यात सगळ्यात मोठं मिरजगावच्या मोतीशेठ कापडवाल्यांचं. कनाती, झालरी, गाद्यांच्या खोळी, सगळं कापड त्यांच्याकडून आलेलं. एकट्याचंच घेणं रुपयात पाच आणे, पाव हिश्शाहून जास्त. म्हणजे मोतीशेठ नाही म्हणाले तर बाकी आठ जण हो म्हणूनही उपयोग नव्हता. पण मोतीशेठ नाही म्हणतील असं रंगनाथला वाटत नव्हतं आणि साहेबांनाही नाही.

रंगनाथ जायला निघाला तेव्हा साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "याला नीट समजावून सांग. आजपासून एक पैशाची उधारी करायची नाही. अर्जाची तयारी चालू असताना उधारीवर घेतलेला माल म्हणजे फेडायचं नाही हे ठाऊक असून घेतलेला माल. कोर्ट ते पोटात घालत नाही." मी रंगनाथला ते समजावून सांगितलं. त्याने मान डोलावली. प्रतिज्ञापत्रासाठी लागणारा स्टॅम्पचा कागद मी त्याच दिवशी त्याच्या नावाने आणून ठेवला. कामं आधीच उरकून ठेवायची माझी खोड होती आणि तिचा मला भारी अभिमान होता.

हल्ली माझा नातू खिशातून कार्ड काढतो, दुकानदार ते यंत्राला लावतो आणि काम होतं. दुकानदार त्याच्या तोंडाकडे बघतही नाही. त्या काळी तोंड हेच कार्ड. तुम्ही रोजच्या वेळेला पेठेतून चालत गेलात, दुकानाच्या पायरीवर टेकलात, पोराबाळांची चौकशी केलीत, की तुमची पत शाबूत. दोन दिवस रस्ता बदललात की तिसऱ्या दिवशी वसुलीचा माणूस दारात. त्यामुळे नादारीचा अर्ज कोर्टात जाईपर्यंत नेहमीसारखं वागायचं आणि तरीही उधारी करायची नाही, ही कसरत आमच्या प्रत्येक पक्षकाराला करावी लागे. ज्या माणसाचं सगळं आयुष्य उधारीवर चालतं त्याने हे कसं जमवायचं, ते कायद्यात लिहिलेलं नाही.

अर्ज दिवाळीआधीच जायचा होता. पण नऊ जणांचे आकडे मिळवायचे, तेही कुणाला संशय न येता, त्यात दिवस गेले. शेवटी मीच साहेबांना म्हणालो की आता सुट्टी तोंडावर आली, कोर्ट उघडल्यावर देऊ. साहेब हो म्हणाले.

धनत्रयोदशीच्या दिवशी दुपारी रंगनाथ ऑफिसात आला. मी कपाटं लावत होतो. तो बाकावर बसला.

"काय हो रंगनाथराव?"

"भाऊसाहेब, पाडव्याचं काय करू?"

"पाडव्याचं काय?"

"मोतीशेठच्या नव्या वहीत पैलं नाव माझं असतंय. बारा वर्सं झाली. मंडपवाल्याचं नाव पैलं पडलं की वर्सभर लगीनसराई चांगली जाती, आसं त्येंचं म्हननं. सकाळी दुकान उघडायच्या आदी मानूस येतोय बोलवायला. मी जायचं, सव्वा रुपाया वहीवर ठिवायचा, आन काय तरी घ्यायचं. त्ये नावावर लिवत्यात. किरानावाला आन भांडीवालाबी तसंच करत्यात."

"आणि नाही गेलात तर?"

"न्हाई गेलो तर मेलो म्हनत्याल, न्हाईतर पळालो म्हनत्याल."

साहेब आतच होते. पंधरा-वीस पावलांवर. दार ढकलून विचारायला पाव मिनिट लागलं असतं. पण एवढ्याशा गोष्टीसाठी साहेबांना काय त्रास द्यायचा, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर असंही वाटलं की इतकी वर्षं हे काम करतोय, मला एवढं कळत नाही की काय. अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला माणूस होतो मी.

मी म्हणालो, "जा तुम्ही. नाही गेलात तर पेठेत बोभाटा होईल आणि भाऊबीजेच्या आत नऊच्या नऊ जण तुमचे वासे ओढून नेतील. मग तडजोड कशाच्या जोरावर करणार? किरकोळ काहीतरी घ्या. खणाएवढं कापड घ्या. खणाएवढ्या कापडाने कायदा बुडत नाही. फक्त अर्जाचं कुणापाशी काही बोलू नका."

"साहेब म्हनले हुते, एक पैशाचीबी नगं."

"साहेबांना पेठ काय माहीत? मी सांगतो ना."

रंगनाथच्या चेहऱ्यावरचा ताण गेलेला मला दिसला. त्याने मला नमस्कार केला आणि तो एस.टी. स्टँडकडे गेला. मीही खुशीत कुलूप लावलं.

पाडव्याला काय झालं ते मला मागून कळलं. मोतीशेठनी झेंडू लावलेली नवी वही उघडली, वर "श्री" काढला, कुंकू लावलं आणि खाली रंगनाथचं नाव लिहिलं. रंगनाथ म्हणाला, खणभर कापड द्या. मोतीशेठ हसले. पहिली नोंद खणाची कशी लिहायची? वर्षाची सुरुवात खणाने झाली तर वर्षही खणाएवढंच जाईल. त्यांनी स्वतः उठून लाल सुती कापडाचा अख्खा ताका काढला, मंडपाच्या झालरीचा, आणि तो रंगनाथच्या मांडीवर ठेवला. "पैसे कुठं पळून चाललेत, रंगूशेठ? पुढल्या सराईत द्या," म्हणाले. पेढा दिला. किराणावाल्याने गुळाची ढेप आणि तेलाचा डबा दिला, भांडीवाल्याने दोन मोठ्या पराती. सव्वा सव्वा रुपया रोख, बाकी नावावर. तिन्ही ठिकाणी मिळून साडेतीनशेच्या घरात गेलं.

घरी आल्यावर त्याला झोप लागेना. दोन दिवसांनी तो ताका खांद्यावर टाकून मोतीशेठकडे परत गेला आणि म्हणाला, शेठ, एवढ्यात लागणार नाही, ठेवून घ्या. मोतीशेठनी कानांवर हात ठेवले. मुहूर्ताचा माल परत घेतात होय? घेतला तर लक्ष्मी परत गेली म्हणायची. त्यांनी त्याला आणखी एक पेढा देऊन ताक्यासकट वाटेला लावलं. कारण तर रंगनाथला सांगता येत नव्हतं. कारण सांगू नका असं मीच सांगितलेलं.

कोर्ट उघडलं, अर्ज गेला. पाडव्याची तिन्ही देणी यादीत तारखेसकट लिहिणं भाग होतं. साहेबांनी ती पाहिली आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हे काय?" त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, "पाडव्याचा मुहूर्त आहे साहेब, तिकडं रीत आहे." "तू सांगितलं होतंस ना, उधारी नको म्हणून?" मी म्हणालो, "सांगितलं होतं." हे खोटं नव्हतं. दसऱ्याच्या आधी सांगितलं होतंच. अर्ध्या खऱ्याचा एवढा आधार मी पुन्हा कधी घेतला नाही, पण तेव्हा घेतला.

नोटिसा गेल्या. गावात सगळ्यांची समजूत अशी झाली की दिवाळीनंतर रेडिओवाल्याने वॉरंटसाठी अर्ज केला आणि बिचाऱ्या रंगनाथला अचानक कोर्टात जावं लागलं. आम्ही ती समजूत मोडली नाही. मोतीशेठ आपण होऊन आमच्या ऑफिसात आले. पांढरी टोपी, छत्री, पायात करकरीत वहाणा. साहेबांना म्हणाले, "रुपयाला सहा आणे तर सहा आणे. आवंदा पाऊस पडंल, लग्नं हुतील, मानूस वर यील. माझी सही कुठं पायजे ते सांगा." साहेबांनी त्यांना तारीख दिली आणि येताना घेणं सिद्ध करण्यासाठी वही आणायला सांगितलं.

तारखेला ते वही घेऊन आले. लाल कापडात गुंडाळलेली. रंगनाथ आणि त्याची बायको सुभद्राबाई मागच्या बाकावर बसले होते. मी साहेबांच्या पाठीमागे, फायलींची लाल फीत हातात घेऊन. तडजोडीला आठ जणांची हरकत नव्हती. रेडिओवाल्याची होती, पण त्याचा हिस्सा फार मोठा नव्हता. त्याच्या वकिलांनी एकच काम केलं. अर्जासोबतचं प्रतिज्ञापत्र हातात घेतलं आणि ते उलटं केलं.

स्टॅम्प विकणारा माणूस स्टॅम्पाच्या पाठीवर विकत घेणाऱ्याचं नाव आणि तारीख लिहितो. ते आम्हाला रोजचं, इतकं रोजचं की दिसेनासं झालेलं. रंगनाथच्या नावापुढे दसऱ्याच्या आधीची तारीख होती. मी आधीच उरकून ठेवलेलं काम.

वकिलांनी मोतीशेठना वही उघडायला सांगितली. मोतीशेठनी मोठ्या आवाजात वाचून दाखवलं, पहिल्या पानावरची पहिली नोंद, पाडवा, लाल कापड एक ताका. मग वकील म्हणाले, "शेठजी, या गृहस्थांनी नादारीचा स्टॅम्प त्याच्या महिनाभर आधी घेऊन ठेवला होता. तुम्हाला ठाऊक होतं?"

मोतीशेठना आधी नीट कळलंच नाही. त्यांनी दोनदा विचारलं. मग कळलं. त्यांनी वळून मागच्या बाकाकडे पाहिलं, आणि मग वहीकडे.

न्यायाधीशांनी रंगनाथला पुढे बोलावलं. ते चांगले गृहस्थ होते, त्यांना मार्ग काढायचा होता असं मला आजही वाटतं. त्यांनी विचारलं, "नादारीची तयारी चालू असताना तुम्ही हा माल उधार का घेतला?"

"रीत हाय साहेब. पाडव्याला घ्याच लागतंय. मागनं परत द्यायलाबी गेलतो, त्येंनी घेतलं न्हाई."

"फेडता येणार नाही हे माहीत होतं?"

"व्हय."

"परत करायला गेला होतात म्हणता. म्हणजे चुकतंय हेही माहीत होतं."

"व्हय साहेब."

न्यायाधीशांनी पुढे विचारलं, "असं करायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं का? कुणाच्या सल्ल्याने केलंत?"

माझ्या हातातली फीत हातातच राहिली. रंगनाथने माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कदाचित मी उठलो असतो. असं मी स्वतःला सांगत आलो आहे, पण ते खरं असेलच असं नाही.

"न्हाई साहेब," तो म्हणाला. "माज्या मनानंच केलं."

मोतीशेठनी वही मिटली. त्यांना काही म्हणायचं आहे का, असं न्यायाधीशांनी विचारलं. ते म्हणाले, "पैशाचं मला काय न्हाई साहेब. धंद्यात बुडतंय, निघतंय. पण ह्ये नाव मी श्रीच्या खाली लिवलं. समदं ठाव असताना त्यो मांडी घालून माज्यासमोर बसला आन पेढा खाल्ला. माजी सही न्हाई."

तडजोड नामंजूर झाली. रंगनाथ नादार ठरला आणि रिसीव्हरने त्याचा मंडप विकायला काढला. वासे, कनाती, पातेली, भोंगे आणि न उलगडलेला लाल ताका. हे सगळं जामखेडच्या एका मंडपवाल्याने घेतलं. कोर्टाबाहेर साहेब रंगनाथवर चिडले. "अरे, माझ्या कारकुनाने तुला बजावलं होतं ना?" रंगनाथ मान खाली घालून म्हणाला, "व्हय साहेब, चुकलं." मी शेजारीच उभा होतो. माझं बखोट धरून कुणीतरी मला पुढे ढकलायला हवं होतं. स्वतःहून पुढे होण्याएवढं बळ माझ्या अंगात नव्हतं. दोन मुलं शाळेत, भाड्याचं घर, आणि साहेबांचा स्वभाव असा की विश्वास उडाला की दुसऱ्या दिवशी रजा. हे मी सबब म्हणून सांगत नाही. तेव्हा डोक्यात हेच होतं, म्हणून सांगतो.

पुढे पाऊस पडला, लग्नं सुरू झाली. मिरजगावच्या बाजूला एका लग्नाला गेलो असताना मी रंगनाथला पाहिलं. तो त्या जामखेडवाल्याकडे रोजावर कामाला होता. स्वतःच्याच वाशांना दोर बांधत होता. त्याने हात जोडले आणि विचारलं, "बरं हाय ना भाऊसाहेब?" मी बरं आहे म्हणालो आणि जेवण न करताच निघालो. त्यानंतर त्या भागातलं लग्नाचं आमंत्रण आलं की मी टाळायला लागलो.

नोकरी संपल्यावर हाताशी वेळ उरला, आणि वेळ उरला की असल्या गोष्टी वर येतात. एक दिवस एस.टी. धरून मिरजगावला गेलो. मोतीशेठ खूप थकले होते, दुकान मुलगा बघत होता. मी ओळख दिली आणि बसल्या बसल्या सगळं सांगून टाकलं. पाडव्याला जायला मी सांगितलं, खण घ्यायला मी सांगितलं, गप्प राहायलाही मीच सांगितलं.

मोतीशेठनी चष्मा काढला. "ह्ये त्या दिवशी कोर्टात सांगितलं असतं तर?"

उत्तर त्यांनीच दिलं.

"मी सही केली असती हो. त्यो मला फशिवनारा न्हाई, एवढंच मला कुनीतरी सांगाया पायजे हुतं. मी न्यायाधीशाच्या तोंडाकडं बघत हुतो, की आता कुनीतरी सांगंल." मग त्यांनी मुलाकडून टोपी मागून घेतली. "चला. त्यो तर गेला दोन वर्सांमागं. बाई हाय घरात."

सुभद्राबाई दारात शेंगा फोडत बसल्या होत्या. मोतीशेठ उंबऱ्याबाहेरच थांबले आणि म्हणाले, "वैनी, माजं चुकलं." आणि माझ्याकडे हात करून त्यांनी मी सांगितलेलं सगळं सांगितलं. ऐकताना बाईंचा हात थांबला नाही.

"मला ठाव हाय की," त्या म्हणाल्या. "त्येंनी त्याच दिवशी एस.टी.त सांगितलं. मी लई भांडले. म्हनलं, सायबानं सरळ इचारलं तर नाव घ्यायचं हुतं. तर म्हनले, नाव घिऊन आपला मंडप वाचंल का न्हाई कुनाला ठाव, पर त्या कारकुनाची भाकर तर जाईलच. एकाची गेली ती बास झाली."

मोतीशेठ खाली पायरीवर बसले. मी उभाच होतो.

"तुमची नोकरी ऱ्हायली न्हवं मग?" बाईंनी मला विचारलं.

"राहिली."

"त्येच्या फुडं किती वर्सं केली?"

"एकोणीस."

त्यांनी मनातल्या मनात काहीतरी जुळवलं आणि मान हलवली. त्यांच्या बोलण्यात टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं, पण तो नव्हता.

"मंग वाया न्हाई गेलं," त्या म्हणाल्या आणि मला बसायला घोंगडी आणायला आत गेल्या.